कुड्यांचा प्रवास

वयाची पासष्टी उलटल्यावर एका फ्रेंच बोलपटाविषयीं लिहावयास बसणें मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराला शोभतें कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या घरांत दोन वेळां निघाला, आणि दोन्ही वेळां आमच्या सूनबाईंनीं तो निकालांत काढला. फ्रेंच भाषेचें एक अक्षर मला येत नाहीं. बोलपटांचाही मला नाद नाहीं. जन्मांत पाहिलेले बोलपट दोन्ही हातांच्या बोटांवर मोजतां येतील. माझें जें कांहीं शिक्षण तें वडिलांपाशीं बसून झालेलें, आणि तें संस्कृताचें. तीसाहून अधिक वर्षें मीं गांवच्या शाळेंत मुलांना मराठी व गणित शिकविलें आणि सकाळ-संध्याकाळ घरीं येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून अमरकोश, रघुवंश व मृच्छकटिक म्हणवून घेतलें. तेव्हां या लेखांत चित्रपटकलेची चिकित्सा कोणी शोधूं नये. एका बोलपटामुळें आमच्या घरांतली एक जुनी गोष्ट पुन्हा वर आली, ती कशी, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

आमच्या थोरल्या चुलतबंधूंची नात पुण्यास फ्रेंच भाषा शिकते. गेल्या वैशाखांत ती सुटीला घरीं आली तेव्हां आपला लॅपटॉप घेऊनच आली. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत असलेलें, माजघर तेवढें थंड. बायका चिंचा फोडावयास बसल्या होत्या. एकीकडे आमची मंडळी, त्यांच्याजवळ सूनबाई, आणि खांबाला टेकून आमच्या थोरल्या वहिनी, म्हणजे त्या मुलीची आजी. मुलगी म्हणाली, "अण्णाआजोबा, परीक्षेला हा चित्रपट आहे. तुम्ही सगळे पाहा, मी मराठीतून सांगत जाते, म्हणजे माझाही अभ्यास होईल." अभ्यासाचें नांव काढल्यावर मास्तरानें नाहीं कसें म्हणावें?

त्या बोलपटाचें नांव मोठें चमत्कारिक आहे. 'मादाम द...' एवढेंच. पुढें आडनांव यावयाचें तेथें टिंबें. सबंध बोलपटभर त्या बाईचें आडनांव प्रेक्षकाला कळूं दिलेलें नाहीं. पानावर लिहिलेलें असलें तर त्यावर कांहींतरी पडतें, कोणी उच्चारूं लागलें तर मध्येंच आवाज होतो. प्रतिष्ठित घराची गोष्ट सांगतांना नांव झांकण्याची ही रीत मला प्रथम खेळकर वाटली. पुढें मलाही तिचाच आश्रय करावा लागणार आहे, हें त्या वेळीं कळलें नव्हतें.

बोलपट १९५३ सालचा, रंगविरहित. लुईझ द व्हिल्मोरँ या लेखिकेच्या १९५१ सालीं निघालेल्या एका छोट्या कादंबरीवरून तो घेतला आहे. दिग्दर्शक माक्स ओफ्युल्स हा मूळचा जर्मन, १९०२ सालीं सारब्र्युकेन येथें एका यहुदी घराण्यांत जन्मलेला. त्याचें खरें आडनांव ओपेनहायमर. हिटलर सत्तेवर येतांच १९३३ सालीं त्यानें देश सोडला, १९३८ सालीं तो फ्रान्सचा नागरिक झाला, महायुद्धानें तेथूनही उठवून अमेरिकेस नेलें, आणि युद्धानंतर तो पुन्हा फ्रान्सला परतला. परतल्यावर चार बोलपट काढून १९५७ सालीं हांबुर्ग येथें तो वारला. त्या चारांपैकीं हा एक. ज्याला उभ्या आयुष्यांत एका गांवीं स्वस्थ बसतां आलें नाहीं त्या माणसाचा कॅमेराही एका जागीं स्वस्थ बसत नाहीं. तो माणसांच्या मागोमाग जिने चढतो, दालनें ओलांडतो, नाचणाऱ्यांबरोबर गिरक्या घेतो. आमच्या मंडळींना सुरुवातीला त्यानें घेरी आल्यासारखें झालें. नंतर त्या म्हणाल्या कीं, लग्नघरांत आपण पाणी वाढीत फिरतों तेव्हां असेंच दिसतें.

आरंभीं बाईचें तोंड दिसतच नाहीं. दिसतात ते तिचे हात. कपाटें उघडून ती आपले दागिने आणि लोकरीचे उंची झगे चांचपते आहे, यांतलें काय विकावें म्हणून. तिला देणें झालें आहे आणि तें नवऱ्याला सांगावयाचें नाहीं. शेवटीं ती हृदयाच्या आकाराचीं हिऱ्यांचीं कर्णभूषणें उचलते, कानाला लावून पाहते, आणि तेव्हां समोरच्या आरशांत तिचा चेहरा आपल्याला प्रथम दिसतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं नवऱ्यानें दिलेला हा अलंकार. बाकीचें विकवत नाहीं, म्हणून तिनें हाच विकावयाचा ठरविला! आमच्या घरांत त्या क्षणापासून त्यांना 'कुड्या' हें नांव पडलें तें शेवटपर्यंत टिकलें. मीही येथें तोच शब्द चालवितों.

कुड्या ज्या सराफाकडून आल्या होत्या त्यालाच ती विकते, आणि रात्रीं नाट्यगृहांत त्या हरवल्याचा बहाणा करते. नवरा सेनापति आहे. दालनेंच्या दालनें धुंडाळली जातात, चोरी झाली म्हणून वर्तमानपत्रांत छापून येतें. सराफ घाबरून सेनापतीकडे धांवतो आणि खरें सांगतो. सेनापति मुकाट्यानें पैसे मोजून कुड्या परत घेतो. घेतो आणि काय करतो? त्याची एक बाहेरची बाई आहे. तिला तो कॉन्स्टँटिनोपलला कायमची रवाना करीत असतो. निरोपाची भेट म्हणून त्या तिच्या हातांत ठेवतो. ती बाई जुगारांत हरते आणि कुड्या विकते. त्या शहरांतल्या दुकानांत त्या एका इटालियन वकिलाच्या दृष्टीस पडतात, तो त्या घेतो आणि नेमणुकीवर पॅरिसला येतो. तेथें त्याची आणि आपल्या मादामची गांठ पडते, आणि यथाकाल तो त्याच कुड्या तिलाच प्रेमाची भेट म्हणून देतो.

येथपर्यंत आल्यावर मीं मुलीला क्षणभर थांबविलें. मला मृच्छकटिक आठवलें. वसंतसेना आपले अलंकार चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते. शर्विलक भिंतीला भोंक पाडून ते चोरतो, मदनिकेला दास्यांतून सोडविण्यासाठीं. मदनिका ते ओळखते आणि ज्याची वस्तु तिलाच पोंचती होते. इकडे ठेव बुडाली म्हणून नवऱ्याची अब्रू जाऊं नये यासाठीं चारुदत्ताची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते. पुढें वसंतसेना पोराच्या मातीच्या गाडींत आपले दागिने भरते आणि तेच दागिने न्यायसभेंत विदूषकाच्या काखेंतून गळून चारुदत्ताच्या गळ्याशीं येतात. एक अलंकार हातोहात फिरतो आणि प्रत्येक हातांत त्याचा अर्थ पालटतो. शूद्रकाची ही युक्ति एका फ्रेंच बाईला दीड हजाराहून अधिक वर्षांनीं आपोआप सुचली असेल, तर माणसाच्या मनाचे रस्ते फार नाहींत असेंच म्हणावें लागेल.

मी हें मोठ्या हौसेनें सांगत होतों, तों सूनबाई म्हणाल्या, "बाबा, पण चारुदत्ताला बायको असतांना त्याची वसंतसेना चालते, आणि बायको वर आपली माळ काढून देते. मग सेनापतीची ती बाहेरची बाई आम्हांला खटकली ती कां?"

मी गप्प बसलों. इतकीं वर्षें मीं तें नाटक शिकविलें. धूतेचें औदार्य मुलांना समजावून देतांना माझा गळा दाटून येत असे. पण हा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानें मला विचारला नाहीं आणि मीही स्वतःला विचारला नाहीं.

ज्या काळांतली ही गोष्ट आहे त्या काळाचा फ्रान्सचा कायदाही चारुदत्ताच्याच बाजूचा होता. १८१० सालच्या दंडसंहितेप्रमाणें व्यभिचार करणाऱ्या पत्नीला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद. पतीला मात्र रखेली राहत्या घरांत आणून ठेवली असेल तरच, आणि तीही केवळ दंडाची शिक्षा. हीं कलमें १९७५ सालापर्यंत पुस्तकांत होतीं. १८०४ च्या संहितेप्रमाणें विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीवांचून आपली मालमत्ता विकण्याचा अधिकार नव्हता. तो जाच १९३८ सालीं संपला. मीं अभिमानानें सांगितलें कीं, आमच्या मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत स्त्रीधन सहा प्रकारचें सांगितलें आहे आणि प्रीतीनें दिलेली वस्तु त्यांत मोडते. म्हणजे शास्त्रतः या कुड्या त्या बाईच्याच. त्यावर आमची मंडळी चिंच फोडतां फोडतां म्हणाल्या, "शास्त्रांत होतंच कीं. पण अहो, बाई एकटी सराफाकडे जाऊन कुडी विकून आली, असं आपल्या घरांत कधीं ऐकलंत?"

असो. आतां बोलपटाचा जो भाग मला विसरतां येत नाहीं तो सांगतों. मादाम आणि तो वकील यांचें प्रेम कसें वाढलें हें दाखवावयाचें आहे. दिग्दर्शक त्यासाठीं एकही प्रेमसंवाद खर्ची घालीत नाहीं. नुसतीं दोघें नाचतात. गिरकी घेतां घेतां तिचा पोशाख बदलतो, दालन बदलतें. सूर तोच राहतो. आपण किती दिवसांनीं भेटलों एवढेंच तीं एकमेकांना सांगतात, आणि तें अंतर आठवड्यांवरून दिवसांवर, दिवसांवरून तासांवर येतें. शेवटीं सभागृह रिकामें झालें आहे, वादक उठले आहेत, नोकर एक एक दिवा मालवीत येतो आहे, आणि हीं दोघें नाचतच आहेत. बोलणें मात्र केव्हांच थांबलें आहे. मादामची भूमिका दानिएल दार्यो या नटीची, जी पुढें शंभर वर्षें जगून २०१७ सालीं वारली; वकील झालेला व्हित्तोरिओ दे सिका हा 'सायकल चोर' या जगप्रसिद्ध बोलपटाचा कर्ता; आणि सेनापति शार्ल बोआये. या तिघांत मला पाहावासा वाटला तो सेनापतीच. कां, तें थोड्या वेळानें सांगतों.

शिकारीच्या वेळीं वकील घोड्यावरून पडतो आणि मादाम चारचौघांत मूर्च्छित होते. सेनापतीला जें कळावयाचें तें कळतें. तो ओरडत नाहीं, हात उगारीत नाहीं. ती प्रवासास निघून जाते. परदेशांत वकिलाचीं पत्रें येत राहतात. ती प्रत्येकाला उत्तर लिहिते, पण टपालांत टाकण्याचा धीर होत नाहीं. एके दिवशीं आगगाडींत बसल्या बसल्या ती तीं सारीं उत्तरें फाडते आणि खिडकींतून भिरकावते. कागदाचे कपटे वाऱ्यावर उडतात, आणि पाहतां पाहतां त्यांचा बर्फ होतो. कागद कोठें संपला आणि हिम कोठें सुरू झालें तें डोळ्याला उमगत नाहीं.

हें चाललें असतांना एक गोष्ट माझ्या कानाला जाणवली. वहिनींच्या पुढ्यांतल्या ताटांत मघांपासून चिंचोके टपटप पडत होते. तो आवाज थांबला होता.

मीं वळून पाहिलें नाहीं.

माजघरांतल्या मुलीबाळींना जें ठाऊक नव्हतें तें येथें सांगणें प्राप्त आहे. वहिनींची त्याला संमति आहे, त्यांनीं अट एकच घातली, "नांव घालूं नका, भाऊजी."

१९८८ सालची गोष्ट. आमच्या वाड्यांत तेव्हां एक गृहस्थ बिऱ्हाडास होते, बदलीवर आलेले. वाचनाचा त्यांना नाद, आणि आमच्या घरांत तसा नाद असलेलें माणूस एकच, थोरल्या वहिनी. गांवच्या वाचनालयांतून पुस्तक यावयाचें, तें दोघें वाचावयाचीं, आणि परत करतांना ओटीवर उभ्यानें चार शब्द बोलावयाचीं. ओटीवर, सर्वांच्या देखत. वर्षानें त्यांची पुन्हा बदली झाली, आणि पत्रें येऊं लागलीं. शाळा आणि टपालकचेरी एकाच आवारांत असल्यामुळें घरचें टपाल मींच आणीत असें. पहिलें पत्र वहिनींच्या नांवचें होतें. तें मीं वहिनींना दिलें नाहीं, दादांना दिलें. दादांनीं तें फोडलें, वाचलें आणि माझ्याकडे परत दिलें. "तूं वाच," म्हणाले. पुस्तकांविषयींच सारें होतें. दुसरेंही तसेंच. तिसऱ्यांत एक वाक्य होतें तें पुस्तकाविषयीं नव्हतें. तें मीं येथें लिहीत नाहीं, पण त्यांत लज्जास्पद असें कांहीं नव्हतें, एवढें आज मला शपथेवर सांगतां येईल. त्या वेळीं आम्हांला तें एक वाक्य पुरेसें झालें.

वडीलधाऱ्यांची बैठक बसली. आवाज कोणीही चढविला नाहीं. आमच्या घराची ती रीतच नव्हे. वहिनींना माहेरीं धाडावयाचें नाहीं, मुलांदेखत कांहीं बोलावयाचें नाहीं, बाहेर अवाक्षर जाऊं द्यावयाचें नाहीं, वाचनालयाची वर्गणी बंद करावयाची, त्या गृहस्थांना दोन ओळींचें पत्र लिहावयाचें. तें पत्र माझें अक्षर चांगलें म्हणून मींच लिहिलें. आणि तीन पत्रें मजजवळ ठेवण्यास दिलीं, कारण घरांत जबाबदार म्हणून माझी ख्याति होती. वहिनींना हें सारें नंतर सांगण्यांत आलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि स्वयंपाकघरांत गेल्या. पुढें त्यांनीं घराचें सारें केलें, सासूसासऱ्यांचीं दुखणीं काढलीं, मुलांचीं लग्नें केलीं. हातांत पुस्तक मात्र धरलें नाहीं. आम्ही त्याला समजूतदारपणा म्हणत आलों.

आणि दादांचें परगांवीं एक दुसरें बिऱ्हाड होतें. तें आम्हां सर्वांना ठाऊक होतें. वहिनींनाही. त्यासाठीं कधीं बैठक बसली नाहीं. दादांना जाऊन आतां बारा वर्षें झालीं. गेलेल्या माणसाचे दोष उगाळावे असें मला वाटत नाहीं. परंतु सूनबाईंनीं चारुदत्ताविषयीं विचारलें तेव्हां मी कां गप्प बसलों, तें वाचकांच्या आतां ध्यानांत आलें असेल.

सेनापतीकडे माझें लक्ष कां लागलें, तेंही आतां सांगतां येतें. दुष्ट माणूस पाहतांना प्रेक्षकाला फार त्रास होत नाहीं. तो आपण नव्हे अशी खात्री असते. हा सेनापति दुष्ट नाहीं. तो सभ्य आहे, विनोदी आहे, बायकोवर त्याचें प्रेमही आहे, पण तें कसें बोलावें हें त्याला ठाऊक नाहीं. नवराबायको वेगवेगळ्या खोल्यांत निजतात आणि आपापल्या पलंगावरून एकमेकांशीं लांबून बोलतात. आमचें दांपत्य वरवरचें दिसतें तें केवळ वरवर पाहणाराला, अशा आशयाचें कांहीं तो एकदां बोलतो, आणि पुढें गप्प होतो. मादाम दुःखानें अंथरुणाला खिळते तेव्हां तो तिच्या खोलीच्या खिडक्या एकामागून एक लावून घेतो. प्रत्येक खिडकी अगदीं हळूच, झोपमोड होऊं नये म्हणून. खोलींत हळूहळू अंधार होतो. तें पाहतांना मला आमच्या त्या बैठकीची आठवण झाली. आम्हींही असेंच हळूच सर्व लावून घेतलें होतें.

पुढची कथा थोडक्यांत सांगतों. परत आल्यावर मादाम कुड्या हातमोज्यांत सांपडल्या असें सोंग करते. नवरा सर्व जाणत असून बोलत नाहीं. पण ती त्या घालून नृत्याला जाते तेव्हां तो वकिलाला बाजूला घेऊन सांगतो कीं या मींच हिला लग्नांत दिलेल्या. तुम्ही त्या सराफाला विका, मी विकत घेईन. वकिलाला कळतें कीं हिनें आपल्यालाही खरें सांगितलेलें नाहीं. त्या दिवसापासून त्याचें मन उतरतें. एका लहानशा खोट्यानें सुरू झालेली गोष्ट, जिच्यासाठीं तें खोटें वाढवीत नेलें त्याच माणसापाशीं येऊन फुटते. सेनापति कुड्या परत मिळवितो आणि नुकत्याच बाळंत झालेल्या आपल्या पुतणीला त्या देण्यास बायकोला भाग पाडतो. मादाम रडत रडत देते. पुतणीचा नवरा कर्जांत बुडतो, कुड्या पुन्हा सराफाकडे येतात, आणि सराफ पुन्हा सेनापतीच्या दारीं! सेनापति त्याला हांकलून देतो. (सारे बुडतात, सराफ तेवढा प्रत्येक खेपेस आपला नफा काढून घेतो, सराफ जगभर एकच, असें आमच्या मंडळींचें मत पडलें.) तेव्हां मादाम आपले उरलेले दागिने आणि झगे विकून त्याच कुड्या स्वतः घेते. ज्या कुड्या आरंभीं इतर कांहीं विकवेना म्हणून काढून टाकल्या, त्यांच्यासाठीं आतां इतर सारें गेलें. मधल्या काळांत त्यांतला एकही हिरा बदललेला नाहीं.

शेवटीं सेनापति एक खुसपट काढून वकिलाला द्वंद्वाचें आव्हान देतो. मादाम देवळांत जाऊन प्रार्थना करते, मग दाईला घेऊन त्या रानाकडे धांवत सुटते. अपमान झालेला पक्ष म्हणून पहिली गोळी सेनापतीची. एक बार ऐकूं येतो. आपण दुसऱ्याची वाट पाहतों. तो होत नाहीं. चढणीवर, एका झाडापाशीं, मादाम कोसळते. त्यानंतर कॅमेरा शांतपणें देवळांत शिरतो आणि वेदीपुढें ठेवलेल्या कुड्यांपाशीं येऊन थांबतो.

बोलपट संपला तेव्हां ऊन ओसरीवरून खालीं उतरलें होतें. कोणी लगेच उठलें नाहीं. मग वहिनींनीं नातीला विचारलें, "त्या कुड्या शेवटीं देवळांतच राहिल्या ना?"

"हो, आजी."

"खालीं नांव होतं?"

"अर्धंच. मादाम द, आणि पुढं कांहीं नाहीं."

"बरं केलं," वहिनी म्हणाल्या आणि ताट पुढें ओढून पुन्हा चिंचोके काढूं लागल्या.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. वडिलांच्या हातची रघुवंशाची पोथी आमच्या खोलींतल्या कपाटांत रुमालांत बांधलेली आहे. तिच्या खालच्या फळीच्या आंत तीं पत्रें होतीं. तीन नव्हेत, चार. चौथें पत्र, आम्हीं त्या गृहस्थांना लिहिल्यानंतर आठवड्याभरानें आलें होतें. तें मीं टपालकचेरींतून आणलें आणि दादांनाही न सांगता इतरांत ठेवून दिलें. ठराव झालेला होता. आतां त्याचें काय करावयाचें, असें मनाशीं म्हटलें होतें. तें कोणीही फोडलेलें नव्हतें. आंतरदेशीय पत्राचा निळा रंग उडून राखाडी झाला होता, पण डिंक तसाच होता.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं वहिनी ओसरीवर एकट्या बसल्या असतांना मी तीं घेऊन गेलों. काय बोलावें तें मनांत जुळवून ठेवलें होतें. त्यांतलें एकही वाक्य तोंडांतून निघालें नाहीं. नुसतीं पुढें ठेवलीं. त्यांनीं तीं उलटसुलट करून पाहिलीं.

"तुम्ही वाचलीं होतींत, भाऊजी?"

"तीन वाचलीं. चौथं नाहीं."

"हें आलं होतं, हें मला कोणी सांगितलं नाहीं."

"कोणाला ठाऊकच नव्हतं. मला एकट्याला."

बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, आमच्या लोकांनीं लिहिलेलं पत्र मिळाल्यावर त्यांनीं मुकाट्यानं ऐकलं असेल." मग चौथें पत्र त्यांनीं उचललें आणि बाकीचीं तीन माझ्याकडे सारलीं. "हीं तुमच्याचकडे असूं द्या. हीं तुम्हीं वाचलेलीं आहेत." चष्मा आंत राहिला आहे असें म्हणून त्या उठल्या. गुडघे धरले होते म्हणून मीं हात पुढें केला. त्यांनीं तो घेतला नाहीं, खांबाला धरून उठल्या.

रात्रीं त्यांच्या खोलींत दिवा किती वेळ होता हें मला सांगतां येणार नाहीं. आमच्या खोलीचें त्या बाजूचें दार मीं लवकरच लावून घेतलें होतें.